झडीत गळत नाही, धो-धो पावसातच धार लागते: दोन घरांमधल्या पन्हाळीचं काय करावं?

*काकाजी, नमस्कार. आमचं गाव दिग्रसजवळ आहे. सासऱ्यांचं घर वाटणीत दोन भाग झालं. अर्धं आमच्याकडे, अर्धं लहान्या दिराकडे. मधात एकच भिंत आणि तिच्यावर टिनाची पन्हाळ. दोन्ही पाख्यांचं पाणी तिच्यातच पडते. पन्हाळ ३० फूट लांब आहे, एकेक पाखं १५ फुटांचं. वांदरांपायी तीन वर्षांआधी दोघांनीही कवेलू काढून टिना टाकल्या. तेव्हापासून पन्हाळ गळून राहिली. झडीत काही होत नाही, पण पाणी धो-धो आलं की माजघरात भिंतीवरून धार लागते. मागच्या साली पोळ्याच्या आधी तुरीची दोन पोती भिजली. मिस्त्री म्हणते सिमेंट मारा. दोनदा मारलं, दोनदा फुटलं. आता पुतण्या म्हणते प्लास्टिकची पन्हाळ आणू. भाऊजी म्हणतात, पाणी तुमच्या घरात पडते तर खर्चही तुमचाच. घरचे कामानं पुण्यात असतात. पोरगा बारावीत आहे, तो म्हणते मीच चढून पाहतो. काय करावं?*

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मिस्त्री, पुतण्या आणि तुमचे दीर, तिघांपैकी कोणालाही न सुचलेलं उत्तर तुम्ही स्वतःच दोन ओळींत लिहून पाठवलं आहे. पहिली ओळ, कवेलू काढून टिना टाकल्या तेव्हापासून गळते. दुसरी, झडीत गळत नाही, धो-धो आला तरच गळते.

पन्हाळीला भोक असतं किंवा जोड सुटलेला असतो, तर ती झडीत आधी गळते. दोन-दोन दिवस रिपरिप चालू असली की पन्हाळीत सतत बोटभर पाणी वाहतं आणि भोकातून थेंब-थेंब उतरत राहतं. तुमच्याकडे तसं होत नाही. म्हणजे तुमची पन्हाळ फुटलेली नाही, ती भरून वाहते. तिला जेवढं पाणी झेपतं, त्याहून जास्त तिच्यात येतं, ते काठावरून उसळतं आणि टिनांच्या खालून भिंतीवर उतरतं. अशा पन्हाळीला सिमेंट मारा नाही तर सोनं मढवा, ती गळणारच.

मग कवेलू होते तेव्हा का गळत नव्हती? कवेलू मातीचं, भाजलेलं. पहिल्या सरीचं काही पाणी ते स्वतःच पितं, उरलेलं एका कवेलूवरून दुसऱ्यावर अडखळत, रेंगाळत खाली येतं. टिन एक थेंब पीत नाही. पडलेलं पाणी त्याच घटकेला खाली, तेही वेगानं. जुनी पन्हाळ सहसा सहा-सात इंच रुंद असते, कारण कवेलूच्या घराला तेवढी पुरत होती. टिनेवरून आलेलं पाणी जोराच्या पावसात अशी अरुंद पन्हाळ ओलांडून थेट समोरच्या पाख्याच्या टिनेखाली उडी मारतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. विदर्भातल्या गावागावांत वानरांच्या त्रासानं कवेलू गेले आणि टिना आल्या, पण पन्हाळ बदलायचं कोणी मनावर घेतलं नाही. आमच्या घरीही हेच झालं. वडिलांनी टिना टाकल्या, पन्हाळ आजोबांच्या वेळची तीच ठेवली आणि दोन पावसाळ्यांत मातीच्या भिंतीचं पोट सुटलं.

आता थोडा हिशेब करू. हाच हिशेब पुढे भाऊजींना दाखवायचा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमची दोन पाखी मिळून ९०० चौरस फूट, म्हणजे ८४ चौरस मीटरच्या जवळपास. तासाला ५० मिलिमीटरच्या मापानं पाऊस कोसळला, तर त्या एका पन्हाळीत मिनिटाला ७० लिटर पाणी येतं. दोनशे लिटरचा ड्रम तीन मिनिटांच्या आत भरतो. हे सगळं पाणी बहुतेक एकाच टोकाच्या एका लहानशा तोंडातून बाहेर पडायला पाहतं, आणि त्या तोंडाशी कचरा अडकलेला असतो.

कचऱ्याबद्दल थोडं लिहितोच. तुमच्या अंगणात कडुनिंब असेल असं धरून चालतो, कारण आपल्याकडे तो नसलेलं अंगण क्वचितच. निंबाची पानं उन्हाळ्याच्या तोंडाशी झडतात, मग मोहर गळतो आणि नेमक्या पावसाच्या सुरुवातीला निंबोळ्या पडायला लागतात. मागच्या आठवड्यात शेजारची पन्हाळ साफ केली. वर करकरीत वाळलेली पानं होती, हातानं गोळा केली की झालं असं वाटावं. त्याखाली चार बोटं काळा थर, चिकणमातीसारखा घट्ट. त्यात मागच्या वर्षीच्या निंबोळ्यांची टरफलं, वानरांनी फेकलेल्या चिंचेच्या शेंगा, आणि धुळीत दाबून गोधडीसारखा झालेला कापसाचा पुंजका. तो पुंजका पाईपच्या तोंडाशी बुचासारखा बसला होता. खुरप्यानं उचकटला तेव्हा खाली पत्र्याला गंज चढलेला दिसला. पन्हाळ वरून पाहून साफ आहे म्हणू नये, हात घालून पाहावी. हात घालण्याआधी काठीनं मात्र ढवळा. वाळक्या पानांत विंचू बसतो आणि वळचणीला गांधीलमाशांचं पोळं असतं.

पन्हाळ साफ झाली की आधी दोन गोष्टी तपासा. पन्हाळीच्या आतल्या बाजूला गाळाची रेघ दिसेल, विहिरीच्या भिंतीवर पाण्याची खूण राहते तशी. ती रेघ काठापर्यंत गेली असेल, तर पन्हाळ भरून वाहते हे पक्कं. मग पाईपचं तोंड चिंधीनं बंद करा, पन्हाळीत दोन इंच पाणी भरा, पातळीवर खडूनं खूण करा आणि अर्धा तास थांबा. पाणी उतरलं नाही, तर भोक नाही. उतरलं, तर भोकही आहे, तेही सांधावं लागेल. ही परीक्षा सकाळी सातच्या आत करा. टिन तापली की पाणी वाळूनही कमी होतं आणि पायही भाजतात.

या कामाला भाऊजींना बोलवा. खर्चाचं बोलायला म्हणून नाही, नुसतं "भाऊजी, पाण्याचं जरा बघून द्या" म्हणून. दोन बादल्या पाणी त्यांच्या पाख्यावरून ओता, दोन तुमच्या. चारही बादल्या एकाच पन्हाळीत येताना त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहू द्या. नंतर खाली उतरून जाऊबाईंच्या बाजूनं त्या सामाईक भिंतीवर हात फिरवा. तुमच्या बाजूला धार दिसते, कारण पन्हाळ तिकडे थोडी कललेली असेल. पण भिंत एकच आहे. ओल त्यांच्याही बाजूला पापुद्रे सोडत असणार, किंवा चुना फुगलेला असणार. भिंत मातीची किंवा कच्च्या विटांची असेल, तर ती ओली होऊन बसताना कोणाच्या वाट्याची आहे हे विचारत नाही. पन्हाळीचा खर्च अर्धा-अर्धा, हाच न्याय आहे. त्यांचं पाणी त्यात आहे, त्यांची भिंत त्याखाली आहे. पण हे तुम्ही तोंडानं सांगण्यापेक्षा त्यांना वर नेऊन दाखवलं तर लवकर पटेल. तरीही नाहीच पटलं, तर काम थांबवू नका. सध्या तुम्ही करून घ्या आणि बिलाची एक प्रत त्यांच्याकडे द्या. भिंत पडल्यावर जो खर्च येईल, त्यापुढे हा काहीच नाही.

सिमेंटचा विषय इथेच संपवू. पत्र्यावर सिमेंट टिकत नाही, मिस्त्री कितीही चांगला असला तरी. पत्रा उन्हात तापून ताणतो, रात्री आकसतो. सिमेंट तसं हलत नाही, म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात त्याला केसासारखी भेग पडते. त्या भेगेत पाणी शिरतं आणि आत दबून राहतं. शिवाय ओलं सिमेंट पत्र्यावरच्या जस्ताच्या थराला खातं. म्हणजे जिथे सिमेंट मारलं, तिथेच पुढे गंजून भोक पडतं. तुमच्या पन्हाळीत दोनदा मारलेलं सिमेंट छिन्नी-हातोडीनं हलक्या हातानं काढा. खाली पत्रा चाळणी झालेला दिसला, तर दचकू नका.

पुतण्याची सूचना वाईट नाही, जागा चुकीची आहे. प्लास्टिकची, म्हणजे पीव्हीसीची पन्हाळ वळचणीला, सपरीसमोर छान काम देते. गंजत नाही, हलकी असते. पण पीव्हीसी ऊन-थंडीत पत्र्याच्या पाच-सहा पट ताणतं-आकसतं. हिवाळ्याची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत ३० फुटी पीव्हीसी पन्हाळीची लांबी इंचभर सहज बदलते. वळचणीला कड्या सैल ठेवून हे सांभाळता येतं. दोन पाख्यांच्या मधात, दोन्हीकडून टिनांखाली दाबलेल्या पन्हाळीत ते सांभाळता येत नाही, जोड निसटतात. तिथे जस्ताचा पत्राच हवा, तोही २४ गेजचा. बाजारात पातळ पत्रा स्वस्त मिळतो, मोहात पडू नका. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ, हे दुकानात लक्षात असू द्या.

नवी पन्हाळ अशी करा. तळ १२ इंच रुंद, दोन्ही बाजू सहा-सहा इंच उभ्या, आणि वरून दोन्हीकडे सहा-सहा इंचांची पट्टी टिनांखाली चढवायची. सगळं मिळून ३६ इंच, म्हणजे तीन फूट. आठ फूट बाय तीन फुटांचे चार पत्रे घ्या. जोडाला सहा-सहा इंच एकावर एक चढवले की बरोबर साडेतीस फूट होतात, टोकाला वळवायला अर्धा फूट उरतो. पत्रा बाद होत नाही. हे काम गवंड्याचं नाही. जो धान्याच्या कोठ्या बनवतो, त्या टिनवाल्याकडे जा. त्याला पत्रा वाकवणं, रिव्हेट मारणं आणि डाग देणं, म्हणजे कथील वितळवून जोड सांधणं, हाताखालचं असतं. जोड चढवताना वरचा पत्रा खालच्यावर, पाणी ज्या दिशेनं जातं त्या दिशेला उतरता, कवेलू चढवतो तसा. दोन ओळी रिव्हेट, मधात सीलंटचा सलग थर. नुसते रिव्हेट मारून वरून डांबर फासणारे भेटतात, त्यांना काम देऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं, पाण्याला दोन दारं द्या. पन्हाळीचा मध्य उंच आणि दोन्ही टोकं खाली ठेवा, अर्धं पाणी पुढच्या अंगणात आणि अर्धं मागच्या परसात जाईल. उतार दहा फुटांमागे अर्धा इंच पुरे. म्हणजे तुमच्या पंधरा फुटांना पाऊण इंच. तो डोळ्यानं धरू नये. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी पातळी काढतात तशी काढावी. दोन्ही टोकांना चार इंची पाईप लावा, तीन इंची नको. दोन चार-इंची पाईप असले, की तासाला १०० मिलिमीटरच्या मापानं कोसळलेला पाऊसही ते निभावून नेतात. पाईपच्या तोंडावर जाळी सपाट बसवू नका, तिच्यावर पान चिकटलं की तीच बूच होते. टोपलीसारखी उभी, फुगीर जाळी बसवा. टिनवाला ती तारेची विणून देईल.

आणि एक सांडवा ठेवा. धरणाला सांडवा असतो तो कशासाठी? पाणी वाढलं तर ते आपण ठरवलेल्या जागेतून जावं, भिंत फोडून नाही. पन्हाळीचं टोक जिथे बाहेर येतं, तिथल्या आडव्या पत्र्याला वरून दोन इंचांची खाच कापा. पाईप तुंबला, तर पाणी त्या खाचेतून अंगणात पडेल, माजघरात नाही. खाचेतून पाणी पडताना दिसलं की समजायचं, जाळी साफ करायची वेळ झाली. या खाचेला पैसा लागत नाही. तरी ती मी फार थोड्या घरांवर पाहिली आहे, याचं वाईट वाटतं.

टिनांची टोकं पन्हाळीत दोन इंच पुढे आलेली असावीत, जास्त नाही, नाही तर हात घालून साफ करता येत नाही. टोकाची कड पक्कडीनं जराशी खाली वाकवून घ्या. त्यामुळे पाणी टिनेच्या खालच्या अंगाला चिकटून मागे जात नाही, तिथेच सुटून पडतं.

पाईपातून खाली आलेलं पाणी कुठे सोडायचं, हा प्रश्न काळ्या मातीच्या गावात पन्हाळीइतकाच मोठा आहे. काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात वाळून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जोत्याजवळ पाणी मुरलं, की ती दरवर्षी पाया उचलते आणि खाली बसवते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा जातात, त्या बहुतेक याच्याच असतात. पाणी पाईपानं किंवा पक्क्या नालीनं जोत्यापासून निदान दहा फूट दूर न्या. साठवायची सोय असेल, तर फारच उत्तम. यवतमाळकडे वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तुमच्या दोन पाख्यांवरचं पाणी, वाया गेलेलं सोडूनही, वर्षाला साठ हजार लिटरच्या वर जातं. पहिल्या दोन-तीन सरी सोडून द्या, त्यांत धूळ आणि पाखरांची घाण असते. पुढचं पाणी गुरांना, धुण्याभांड्यांना किंवा गाळून विहिरीत.

आता पोराबद्दल, आणि हे मी सगळ्यात कळकळीनं लिहितो आहे. त्याला एकट्याला वर चढू देऊ नका. उंचीची मला त्या मानानं कमी भीती वाटते, विजेची जास्त. खांबावरून घरात येणारी वायर आपल्या गावांत टिनेच्या कडेला टेकलेली असते. वारा सुटला की ती घासते, वरचं रबर झिजतं आणि एक दिवस सगळी टिन जिवंत होते. काही वर्षांपूर्वी माझ्यासोबत काम करणारा पोरगा शिडी टिनेला टेकवायला गेला आणि शिडीसकट मागे फेकला गेला. सकाळी दव पडलेलं होतं, पाय ओले होते. वाचला तो मागच्या कडब्याच्या गंजीवर पडला म्हणून. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून पुरती वळत नाहीत. तेव्हापासून मी टेस्टर लावून पाहिल्याशिवाय टिनेला हात लावत नाही. तुम्हीही आधी टेस्टर लावा, घरातला मेन स्विच बंद करा, आणि वायर टिनेला टेकत असेल तर लाइनमनला बोलावून ती उचलून घ्या. मेन स्विच बंद केल्यानं खांबावरून मीटरपर्यंत येणाऱ्या वायरीतली वीज बंद होत नाही, हे विसरू नका. तो पुरवठा लाइनमनच बंद करू शकतो.

शिडी चार फूट उंचीमागे एक फूट पायथ्याशी दूर ठेवा, खाली एक माणूस ती धरून उभा राहू द्या. टिनेवर पाय ठेवायचा तो खिळ्यांच्या रांगेवर, तिथे खाली लाकूड असतं. मधात ठेवला तर टिन वाकते आणि तिथूनच पुढे गळते. पावसात किंवा वारा सुटला असताना चढायचं नाही, मग पाणी माजघरात गुडघाभर का येईना. वाचकांपैकी ज्यांच्या घरावर सिमेंटचे जुने पत्रे आहेत, त्यांनी तर त्यावर पाय ठेवूच नये, ते सांगून फुटत नाहीत. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते कापणं, घासणं, त्याला भोकं पाडणं टाळा, ती धूळ फुप्फुसात जाते.

पन्हाळ झाल्यावर वर्षातून दोनदा हात घाला, एकदा रोहिण्या लागायच्या आत आणि एकदा निंबोळ्या पडून गेल्यावर, श्रावणात उघडीप मिळेल तेव्हा. पन्हाळीत कुठे पाणी साचून राहिलेलं दिसलं, तर ते आठवड्याच्या आत काढा, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचल्या पाण्यात अंडी घालतो. गंजाचा ठिपका दिसला, की तारेच्या ब्रशनं घासून रेड ऑक्साइड लावा आणि आतून डांबरी रंगाचा हात द्या. लहान भोक असेल तर पत्रा घासून, पुसून, पुरता कोरडा करून वरून डांबरी चिकटपट्टी दाबून बसवा. ओल्या पत्र्यावर लावलेलं काहीही टिकत नाही.

मृग ७-८ जूनला लागतो. एवढं सगळं तोवर होईल असं नाही, टिनवाले या दिवसांत मोकळे नसतात. नवी पन्हाळ दिवाळीनंतर केली तरी चालेल. पण दोन कामं याच आठवड्यात करून घ्या. जुनी पन्हाळ साफ करा आणि तिच्या बंद टोकाला सांडव्याची खाच पाडा. जुन्या पन्हाळीला तोंड एकीकडेच असल्यानं ही खाच जरा खोल, तळापासून वर दोन बोटांवर ठेवा, आणि तिथून अंगणात पाणी दूर पडेल असा पत्र्याचा एक फाळका पुढे लावा. टिनवाल्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि ताई, यंदाची तूर त्या भिंतीपासून दूर, फळीवर, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. पहिला जोराचा पाऊस येईल त्या रात्री बॅटरी घेऊन आतूनच भिंत पाहा, आणि पाणी कुठून कसं आलं ते मला लिहा. भाऊजी पाहायला वर आले होते की नाही, तेही.